मे महिन्यात पुराभिलेखागारात बसायचे असेल तर: पात्रता, पत्रे आणि नेहमी अडणाऱ्या जागा

इतिहास, मराठी, राज्यशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांत पीएच.डी. करणारे बहुतेक जण जुन्या दप्तरांचे काम उन्हाळ्यावर ठेवतात. तासिका संपलेल्या असतात आणि पुराभिलेखागारे, म्हणजे जुने शासकीय कागद जपून ठेवणारी कार्यालये, सुरू असतात, त्यामुळे हे नियोजन योग्यच आहे. मात्र विद्यापीठाच्या ज्या विभागाने शिफारसपत्र द्यायचे, तो याच काळात दोन-तीन कर्मचाऱ्यांवर चालतो, आणि पुराभिलेखागार पत्राशिवाय कागद काढून देत नाही. दरवर्षी अनेक संशोधक या दोन कार्यालयांच्या मध्ये अडकतात. त्यांना मिळणारे बहुतेक नकार एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच टाळता आले असते, म्हणून ही माहिती सविस्तर देत आहे.

पात्रतेविषयी फारसा गोंधळ होण्याचे कारण नाही. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 1993 प्रमाणे 30 वर्षांपेक्षा जुने, गोपनीय वर्गात नसलेले आणि राष्ट्रीय अभिलेखागाराकडे सोपवलेले अभिलेख खऱ्याखुऱ्या संशोधकाला, विहित निर्बंधांच्या अधीन राहून, पाहायला मिळू शकतात. महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम 2005 सालचा आहे. केंद्राच्या तरतुदीतील दोन गोष्टी मात्र हमखास चुकीच्या वाचल्या जातात. पहिली, 30 वर्षे मोजायची ती नस्ती (फाइल) उघडली गेली त्या वर्षापासून. दुसरी, कागद कितीही जुना असला तरी तो अभिलेखागाराकडे हस्तांतरित झालेला असावा लागतो. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षातच राहिलेल्या कागदांसाठी त्या कार्यालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो. पुराभिलेखागाराची परवानगी तिथे चालत नाही. भारतीय नागरिक नसलेल्या संशोधकाला राष्ट्रीय अभिलेखागारासाठी आपल्या संस्थेच्या पत्राबरोबर आपल्या देशाच्या भारतातील दूतावासाचेही पत्र लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी अभ्यासकांनी हे निघण्याआधीच मिळवून ठेवावे.

ओळखपत्र, छायाचित्र आणि पीएच.डी. नोंदणीचे पत्र बहुतेकांकडे असते. घोडे अडते ते शिफारसपत्रावर. विभागात तयार असलेला ठरावीक नमुना, म्हणजे 'सदर विद्यार्थी आमच्या विभागात संशोधन करीत असून त्याचे वर्तन चांगले आहे', एवढा मजकूर अपुरा पडतो. पत्र ज्या कार्यालयात जायचे त्याच्या नावे असावे. मुंबई आणि पुणे अशा दोन्ही ठिकाणी जाणार असाल तर दोन स्वतंत्र पत्रे घ्यावीत. संशोधन मान्यता समितीने मंजूर केलेले शीर्षक शब्दशः लिहावे. नोंदणीपत्रात 'कुलाबा जिल्हा' आणि शिफारसपत्रात त्याच जिल्ह्याचे आजचे नाव 'रायगड जिल्हा' असेल, तर तपासणाऱ्या कर्मचाऱ्याला ते दोन वेगळे विषय वाटतात, आणि त्याची शंका अगदीच गैर म्हणता येत नाही. कोणत्या खात्याचे आणि कोणत्या वर्षांतील कागद पाहायचे आहेत, तेही एका वाक्यात यावे. खाली मार्गदर्शक आणि विभागप्रमुख दोघांच्या सह्या, गोल शिक्का आणि जावक क्रमांक हवा. जावक क्रमांक नसलेले पत्र कार्यालयीन भाषेत पत्रच नसते. एका आकड्यासाठी लातूरहून मुंबईला आलेल्या माणसाला परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते, पण असे घडते. म्हणून पत्र हातात पडताच क्रमांक आणि तारीख तपासून घ्यावी.

नोंदणीची मुदत हाही नेहमीचा घोळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या विनियमांनुसार पीएच.डी.ची कमाल मुदत सहा वर्षे असून ती प्रवेशाच्या दिनांकापासून धरली जाते. अनेक विद्यार्थी ती विषय मंजूर झाल्याच्या तारखेपासून मोजतात आणि मुदत संपल्यावर पत्र मागायला येतात. मुदत संपत आली असेल तर आधी पुनर्नोंदणीचा अर्ज करावा, मग प्रवासाचे पाहावे.

जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, घेणाऱ्यांनी पुढचा भाग काळजीपूर्वक वाचावा. सार्वजनिक सुट्ट्यांखेरीज वर्षाला जास्तीत जास्त 30 दिवस रजा, तीही विद्यापीठाच्या मान्यतेने, असा नियम आहे आणि उन्हाळी सुट्टी अधिछात्रांना लागू नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. विभाग बंद आहे म्हणून न सांगता गेलेला विद्यार्थी कागदोपत्री गैरहजर ठरतो, मग तो रोज पुराभिलेखागारात बसून का काम करीत असेना. अधिछात्रवृत्तीची रक्कम दरमहा विद्यापीठाच्या ऑनलाइन पुष्टीनंतरच जमा होते, त्यामुळे हा घोटाळा थेट खिशाला लागतो. जाण्यापूर्वी 'क्षेत्रकार्यासाठी परवानगी' असा अर्ज तारखांसह द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि मे महिन्याची पुष्टी कोण करणार आहे हे विभागात विचारून ठेवावे. मानव्यविद्यांसाठी आकस्मिक खर्चाची तरतूद पहिल्या दोन वर्षांत वर्षाला 10,000 रुपये आणि त्यानंतर 20,500 रुपये आहे. तिकिटे आणि छायाप्रतींच्या पावत्या मूळ स्वरूपात जपाव्यात.

नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्या प्राध्यापकांना सुट्टी असते, परंतु उत्तरपत्रिका तपासणीचे आदेश नेमके मे महिन्यात निघतात. महाविद्यालयाकडून तारखा लेखी घेतल्याशिवाय आरक्षण करू नये.

दिवसांचा हिशेबही डोळसपणे करावा. राज्य शासनाची कार्यालये 2020 पासून शनिवारी बंद असतात. त्यात महाराष्ट्र दिन आणि बुद्ध पौर्णिमा धरली की हाती येणारे दिवस अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरतात. मुंबईत, एलफिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील पुराभिलेखागारात, इंग्रजी कागदांवर काम करणाऱ्याला तेवढे दिवस कदाचित पुरतील. पुण्याच्या पेशवे दप्तरात सुमारे 39 हजार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि बहुतांश मजकूर मोडी लिपीत आहे. कापडाची गाठ सोडून पहिला कागद उलगडल्यावर मोडी वाचता येत नाही हे लक्षात आले, तर तो उन्हाळा वायाच जातो. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. त्यांपैकी एक आधीच्या हिवाळ्यात करून ठेवावा. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे 45 छापील खंडही ग्रंथालयात आधी चाळावेत, म्हणजे छापून आलेला कागद पुन्हा उतरवण्यात वेळ जाणार नाही. दिल्लीला जाण्यापूर्वी राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर शोध घ्यावा. हवी ती नस्ती तिथे असेल तर प्रवासाचा खर्चच वाचतो.

छायाचित्रे किंवा प्रती हव्या असतील तर त्यासाठी वेगळा अर्ज लागेल असे धरून पहिल्याच दिवशी चौकशी करावी. टिपणांसाठी पेन्सिल न्यावी. काम संपेल त्या दिवशी, किती तारखेपासून किती तारखेपर्यंत तिथे वाचन केले याचा दाखला तिथल्या अधिकाऱ्यांकडे मागून घ्यावा, कारण जूनमध्ये हजेरी आणि प्रवासखर्च मंजूर करताना विभाग नेमका तोच मागतो आणि तो टपालाने मागवायचा म्हटले तर दिवाळी उजाडते.