'मार दुल्से': पाहुण्यांची यादी आणि नावातून गेलेला टँगो

बाहोफोन्दो या अर्जेंटिना-उरुग्वेच्या ग्रुपच्या २००७ च्या 'मार दुल्से' अल्बमचा विषय निघाला की लोक आधी पाहुणे मोजायला बसतात. इंग्लंडचा मुरलेला रॉक गायक, कॅनडाची पॉप स्टार, मेक्सिकोची गायिका, स्पेनची रॅपर, जपानचा बँडोनियनवादक (बँडोनियन म्हणजे टँगोतलं अकॉर्डियनसारखं वाद्य). यादी भारीच आहे, पण मला विचाराल तर त्या वेळची खरी बातमी कव्हरवरच होती: आधी 'बाहोफोन्दो टँगो क्लब' असणाऱ्या ग्रुपने शेवटचे दोन शब्द काढून टाकले.

टँगोत वीज घुसवायचे प्रयत्न तसे जुनेच. १९५५ मध्येच ब्युनोस आयर्समधल्या एका ऑक्टेटमध्ये, म्हणजे आठ वादकांच्या ग्रुपमध्ये, इलेक्ट्रिक गिटार आली आणि जुने लोक खवळले, सत्तरच्या दशकात सिंथेसायझरही येऊन गेला. पण लाट उठली २००१ मध्ये पॅरिसहून, गोतान प्रोजेक्ट या ग्रुपच्या अल्बममुळे. २००२ मध्ये बाहोफोन्दोचा पहिला अल्बम आला, अर्जेंटिना तेव्हा आर्थिक संकटात पार बुडालेला, मग मागोमाग कितीतरी ग्रुप निघाले आणि सगळ्यांवर एकच शिक्का बसला, इलेक्ट्रोटँगो.

हा शिक्काच बाहोफोन्दोला नको होता. त्यांचं म्हणणं, आम्ही इलेक्ट्रॉनिक टँगो करत नाही, रिओ दे ला प्लाता नदीच्या दोन्ही काठांचं आजचं संगीत करतो, म्हणजे अर्जेंटिनातलं ब्युनोस आयर्स आणि उरुग्वेतलं मोन्तेविदेओ दोन्हीकडचं, त्यात टँगो आहे तसा त्याचा जुना भाऊबंद मिलोंगा आहे, उरुग्वेतल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांचं ढोलांचं संगीत कान्दोम्बे आहे, रॉक आणि हिपहॉपही आहे. अल्बमचं नावही त्याच नदीचं, सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश खलाशांनी तिला दिलेलं, 'गोडा समुद्र'. आता कुणी म्हणेल हे सगळं मार्केटिंग, आणि थोडं असेलही, कारण २००७ पर्यंत इलेक्ट्रोटँगो हॉटेलच्या लॉबीत वाजायला लागला होता. पण इलेक्ट्रोटँगोच्या टीकाकारांचा एक मुद्दा अगदी बरोबर होता. पारंपरिक टँगो ऑर्केस्ट्रात ड्रम नसतात, ताल बँडोनियन, पियानो आणि डबल बास मिळून धरतात, त्यामुळे लय मधेच ताणता येते, सोडता येते. खाली मशीनचा ठोका लावला की ती खिळ्याला टांगल्यासारखी होते. बऱ्याच इलेक्ट्रोटँगो अल्बमचं हेच झालं. 'मार दुल्से' त्यातून बराच वाचला कारण तोवर हा स्टुडिओतला प्रोजेक्ट राहिला नव्हता, व्हायोलिन, बँडोनियन, ड्रम असा अख्खा बँड स्टेजवर उभा राहत होता.

पाहुण्यांमध्ये ज्या आवाजाबद्दल कमी बोललं जातं तो उरुग्वेच्या ज्येष्ठ कृष्णवर्णीय गायिकेचा. टँगो आणि कान्दोम्बे दोन्ही गाणाऱ्या या बाई २००६ च्या डिसेंबरात गेल्या, अल्बम त्यांनी पाहिलाच नाही. दोन काठांचा जो दावा ग्रुप करतो त्याचा सगळ्यात भक्कम पुरावा त्यांचं गाणं आहे, कॅनडाची पॉप स्टार नव्हे.

२००९ मध्ये युनेस्कोने टँगो वारसा यादीत घेतला तोही अर्जेंटिना आणि उरुग्वे दोघांच्या नावावर. त्याआधी, २००८ मध्ये, याच अल्बममधलं 'पा बायलार' ब्राझीलच्या एका मोठ्या टीव्ही मालिकेचं टायटल म्युझिक झालं. अल्बमवरच्या त्या ट्रॅकचा पाहुणा कुणी गायक नाहीये, तो जपानी बँडोनियनवाला आहे.