यात्राकर

तीर्थक्षेत्री किंवा प्रेक्षणीय स्थळी बाहेरून येणाऱ्याकडून, तो तेथे आला एवढ्याच कारणाने, घेतला जाणारा कर. जकात मालावर बसते, पथकर रस्त्याच्या वापराबद्दल द्यावा लागतो. यात्राकर माणशी बसतो. थंड हवेच्या ठिकाणचा प्रवासी कर आणि परदेशांतील पर्यटनकर ही त्याचीच अलीकडची रूपे होत.

या कराचा प्रारंभ वादग्रस्त आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील मुद्राध्यक्ष हा अधिकारी एक माषक (एक लहान नाणे) घेऊन प्रवासाची मुद्रा, म्हणजे शिक्क्याचा परवाना, देई. काहींना त्यात यात्राकराचे मूळ दिसते. पण ती मुद्रा जनपदात ये-जा करणाऱ्या सर्वांसाठी होती, त्यामुळे हा संबंध ओढूनताणून जोडलेला वाटतो. त्याच ग्रंथात नदी उतरण्याच्या शुल्कातून संन्यासी, बालक, वृद्ध, रोगी व गर्भिणी यांना सूट दिली आहे, ती मात्र या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अधिक स्पष्ट उल्लेख गुजरातेत सापडतो. मेरुतुंग या जैन ग्रंथकाराच्या ‘प्रबंधचिंतामणी’त (सु. १३०५) पुढील हकिकत आहे. चालुक्य राजा जयसिंह सिद्धराज (कार. सु. १०९४–११४३) याची आई मयणल्लादेवी सोमनाथाच्या दर्शनाला निघाली असता, बाहुलोड येथील नाक्यावर कर देता न आल्याने रडत माघारी फिरणारे यात्रेकरू तिने पाहिले आणि तीही परत फिरली. राजाने बहात्तर लाखांच्या उत्पन्नाचा तो करपट्टाच फाडून टाकला. बाहुलोड म्हणजे धोळक्याजवळचे भोळाद की नर्मदाकाठचे भालोद, याविषयी एकमत नाही. मयणल्ला ही जयकेशीची कन्या. जैन आचार्य हेमचंद्राच्या ‘द्व्याश्रय’ काव्यात तिचे माहेर चंद्रपूर सांगितले आहे. ते गोव्यातील चांदोर आणि जयकेशी हा गोव्याचा कदंब राजा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. मेरुतुंग सुमारे दोन शतकांनंतरचा असल्याने रकमेचा आकडा जपून घ्यावा लागतो. तरीही हा कर सुलतानशाहीत प्रथम आला, हे मत या कथेपुढे टिकणे कठीण आहे. कराविरुद्धचा सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत बळकट आक्षेपही याच कथेत आहे. ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्याची वाट नाक्यावरच संपते.

अकबराने १५६३ मध्ये मथुरेच्या मुक्कामी यात्राकर माफ केल्याचे अबुल फज्ल सांगतो. पुढे शाहजहानच्या काळात (१६२८–५८) काशी व प्रयाग येथील कर उठवण्यासाठी कवींद्राचार्य सरस्वती यांनी दरबारात रदबदली केली आणि ती यशस्वी झाली. कवींद्राचार्य मूळचे गोदावरीकाठचे ऋग्वेदी ब्राह्मण, नंतर काशीत संन्यास घेतलेले. या उपकाराबद्दल पंडितांनी रचलेल्या स्तुतिपद्यांचा ‘कवींद्रचंद्रोदय’ हा संग्रह पुण्यातून १९३९ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रेंच प्रवासी बर्निए याला काशीत भेटलेला विद्वान म्हणजे कवींद्राचार्यच होत, असे मत संशोधक प. कृ. गोडे यांनी मांडले. माफीचे नेमके वर्ष निश्चित नाही. एकदा माफ झालेला कर पुन्हा माफ का करावा लागला, याची दोन उत्तरे दिली जातात : तो मधल्या काळात फिरून बसवला गेला किंवा स्थानिक अंमलदारांनी तो कधी सोडलाच नव्हता. पुढचा इतिहास पाहता दुसरे उत्तर अधिक संभवनीय वाटते.

जगन्नाथपुरीत नागपूरकर भोसल्यांच्या अंमलात कर होता. १८०३ मध्ये ओरिसा घेतल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने १८०६ पासून तो सरकारी विनियमाने बसवला. यात्रेकरूंचे वर्ग पाडले होते. लाल वर्गाला उत्तरेकडून आल्यास दहा रुपये व दक्षिणेकडून आल्यास सहा, निमलाल वर्गाला अनुक्रमे पाच व तीन, भुरंग वर्गाला दोन रुपये. बैरागी, संन्यासी व कंगाल यांना माफी होती. वसुली अठारनाला व लोकनाथ या दोन वाटांवर होई. ऐपतीप्रमाणे दर, ही यातली चांगली बाजू. पण जास्त पैसे देणाऱ्याला दर्शनाची मुभाही जास्त, ही तितकीच खटकणारी. जेम्स पेग्ज व इतर मिशनऱ्यांनी कराविरुद्ध चळवळ केली, तिचा मुख्य मुद्दा सरकारने मूर्तिपूजेतून उत्पन्न घेऊ नये हा होता. १८४० च्या दहाव्या अधिनियमाने पुरी, गया व अलाहाबाद येथील कर रद्द झाला.

पंढरपुरात नगरपालिका १८५५ मध्ये स्थापन झाली आणि यात्रेकरूंवरील कर हे तिच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन बनले. इथे न्यायाचा प्रश्न उलटा होतो. आषाढीला गावाच्या कित्येक पट माणसे येतात. त्यांचे पाणी, दिवाबत्ती, सफाई आणि पटकीचा बंदोबस्त यांचा खर्च गावकऱ्यांनीच का सोसावा? हा युक्तिवाद योग्य आहे. मात्र पायी येणारा वारकरी आणि गाडीने येणारा धनिक यांना एकच दर लावणे योग्य नाही. यात्रेचा भार साऱ्या राज्याने उचलावा, ही वाट अधिक न्याय्य म्हणावी लागेल.

संविधानाच्या राज्यसूचीत डोईपट्टी, म्हणजे माणशी बसणाऱ्या, करांची नोंद (क्र. ६१) आहे. रेल्वेने येणाऱ्यांसाठी १९५६ चा सीमाकर (टर्मिनल टॅक्स) अधिनियम असून तो तीर्थस्थाने व जत्रांची ठिकाणे यांना लागू करता येतो. माथेरानला दस्तुरी नाक्यावर नगरपरिषद प्रवासी कर घेते.

परदेशांत व्हेनिसने २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरते येणाऱ्यांना पाच युरो प्रवेशशुल्क लावले. मुक्कामी पाहुण्यांना ते नाही, कारण त्यांच्याकडून मुक्कामकर वेगळा घेतला जातो. भूतानने आपले दैनिक शुल्क २०२२ मध्ये दोनशे डॉलर केले व पुढच्याच वर्षी शंभरावर आणले. भारतीयांना ते दर रात्री बाराशे रुपये पडते.