जहाजाचं पासिंग कोण करतं?

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. तरी वाळूज-शेंद्र्याचा माल कंटेनरात बसून न्हावा शेवाला जातो, आणि आपल्याकडची पोरं जहाजावर नोकरीला आहेत. माझा लातूरचा भाचा त्यातलाच, मालवाहू जहाजावर इंजिनिअर. मागे एकदा रात्री फोन आला, "मामा, उद्या पीएससी आहे, आज झोप नाही." पीएससी म्हणजे पोर्ट स्टेट कंट्रोल. परदेशी झेंड्याचं जहाज बंदरात आलं की त्या देशाचे सर्व्हेअर चढून ते तपासतात. आपल्याकडे हे काम बंदरवाल्यांकडे नसून नौवहन महासंचालनालयाच्या सर्व्हेअरकडे आहे.

मुळात जहाज सुरक्षित आहे की नाही, हे बघायची जबाबदारी त्याचा झेंडा ज्या देशाचा, त्या देशाची. १९१२ साली टायटॅनिक बुडालं आणि १९१४ मध्ये समुद्रावर माणसांचा जीव सुरक्षित राहावा यासाठीचा सोलास करार झाला, तोही याच गृहीतावर. पण मालक एका देशात, नोंदणी लायबेरियात किंवा पनामात आणि खलाशी तिसरीकडचे, असं सुरू झालं तेव्हा हे गृहीत कोसळलं. १६ मार्च १९७८ ला अमोको कॅडिझ या टँकरचं सुकाणू वादळात निकामी झालं. जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या खडकांवर आदळलं आणि दोन लाख टनांहून जास्त कच्चं तेल समुद्रात गेलं. झेंडा लायबेरियाचा, किनारा फ्रान्सचा. काळा झालेला किनारा धुवायला लायबेरिया येणार नव्हता.

त्यातून १९८२ चा पॅरिस करार झाला. युरोपातल्या चौदा देशांनी ठरवलं, येणाऱ्या परदेशी जहाजांपैकी २५ टक्के प्रत्येकानं तपासायची. माझ्या मते खरी गोम या आकड्यात होती. २५ टक्के भरायचे म्हटल्यावर नीटनेटकं जहाज तपासलं तरी आकडा भरतोच. चांगल्या जहाजावर पुन्हा पुन्हा माणसं चढायची आणि मोडकं जहाज निसटायला जागा राहायची. डिसेंबर १९९९ मध्ये माल्टाच्या झेंड्याचं, १९७५ सालचं एरिका हे टँकर त्याच ब्रिटनीजवळ मधोमध तुटलं. त्याची प्रमाणपत्रं जागेवर होती.

१ जानेवारी २०११ पासून पॅरिस करारानं टक्केवारी सोडली आणि प्रत्येक जहाजाचा धोका मोजायला घेतला. जहाज कोणत्या प्रकारचं, वय बारा वर्षांच्या वर आहे का, झेंड्याचा लौकिक काय, कंपनी कशी, गेल्या ३६ महिन्यांत किती दोष निघाले, किती वेळा अडकवून ठेवलं, हे बघून गुण धरतात. पाच किंवा जास्त गुण झाले की जहाज जास्त धोक्याचं, त्याची तपासणी पाच-सहा महिन्यांनी. कमी धोक्याच्या जहाजाची नेहमीची तपासणी दोन ते तीन वर्षांनी. आशिया-प्रशांत भागातल्या देशांच्या अशाच टोकियो करारानंही २०१४ पासून हीच वाट धरली. भारत ज्यात आहे तो हिंदी महासागर करार १९९८ साली प्रिटोरियात झाला, त्याचं सचिवालय गोव्यात आहे.

एक उणीव मात्र उरतेच. बंदरात येईल तेच जहाज तपासता येतं. ४ ऑगस्ट २०११ ला मुंबईजवळ बुडालेलं एमव्ही राक हे परदेशी झेंड्याचं मालवाहू जहाज इंडोनेशियाचा कोळसा घेऊन दहेजला निघालं होतं. आपला सर्व्हेअर चढणार तो दहेजला पोचल्यावर. म्हणून एका बंदरातली नोंद पुढच्या बंदराला दिसणं माझ्या लेखी सगळ्यात मोलाचं.

भाच्याकडे त्या दिवशी सर्व्हेअरनं लाइफबोटीचं इंजिन सुरू करायला लावलं, आगीच्या वेळचा पंप चालवून पाहिला, विश्रांतीच्या तासांचं रजिस्टर चाळलं. इंजिनरूमचा एक फायर डँपर, म्हणजे आग लागली की हवा बंद करायची झडप, गंजून अर्ध्यावर अडकत होता. कागदावर "कोड १७" पडला, म्हणजे निघण्याआधी दुरुस्त करा. तिघांनी मिळून चार तासांत तो सोडवला, सर्व्हेअरनं पुन्हा येऊन स्वतःच्या हातानं दोनदा उघडून-मिटून बघितला, आणि संध्याकाळी जहाज सुटलं.