कर्णबधिर विद्यालयातील अध्यापन

ऐकू न येणाऱ्या किंवा फार कमी ऐकू येणाऱ्या मुलांना भाषा, उच्चार आणि शालेय विषय शिकवण्याचे काम. भारतातली अशी पहिली शाळा 1880 च्या दशकात मुंबईत माझगावला सुरू झाली. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा स्वयंसेवी संस्था चालवतात. त्यांतल्या अनेक अनुदानित व निवासी आहेत. शिकवण्यासाठी श्रवणदोष विषयातील विशेष डी.एड. किंवा बी.एड. आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दोन्ही कानांत 70 डेसिबल श्रवणहानी ही बधिरतेची मर्यादा ठरवली आहे. वर्गात या आकड्यावरून फारसे कळत नाही. मोठी हानी असूनही दुसऱ्या वर्षापासून श्रवणयंत्र वापरणारे मूल, कमी हानीच्या पण सहाव्या वर्षी प्रथमच यंत्र मिळालेल्या मुलाच्या पुढे असू शकते. यंत्र कधी मिळाले आणि घरात मुलाशी कोण, कसे बोलते, हे प्रवेशाच्या दिवशीच विचारून घ्यावे.

दिवसाचे पहिले काम यंत्रतपासणीचे. कानामागच्या यंत्राचा सेल टेस्टरवर पाहायचा, यंत्राला तपासणीची नळी लावून शिक्षकाने स्वतः ऐकायचे, मोल्डच्या (मुलाच्या कानाच्या मापाने केलेल्या, कानात बसणाऱ्या भागाच्या) छिद्रात मळ आणि नळीत पाण्याचे थेंब आहेत का ते बघायचे. पावसाळ्यात नळीतले बाष्प हा नेहमीचा दोष. मोल्ड यंत्रापासून सोडवून फुंकणीने हवा मारली की नळी मोकळी होते. यंत्र रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. झिंक-एअर सेलवरचा चिकट कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग तो बसवावा, कारण त्याला हवा लागते. शिट्टी वाजत असेल तर बहुधा मोल्ड सैल झालेला असतो: मूल वाढते, कान वाढतो, मोल्ड वाढत नाही. आवाज कमी करून शिट्टी बंद करणे हा उपाय नव्हे, त्याने मुलाचे ऐकणेच कमी होते. नवे माप घ्यावे लागते. माप घेताना कानाच्या नळीत आधी दोरा बांधलेला बोळा घालतात, नाहीतर साचा भरायचा पदार्थ पडद्यापर्यंत जातो. कान वाहत असेल तर मोल्ड घालू नये, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे.

मग सहा ध्वनींची चाचणी: आ, ई, ऊ, म, श, स. तोंड झाकून, क्रम बदलत, दोन ध्वनींमधले अंतर कमीजास्त ठेवत शिक्षक ध्वनी काढतो. ऐकू आला की मूल मणी टाकते किंवा हात वर करते. क्रम व लय ठरलेली असली की मूल ऐकण्याऐवजी अंदाजाने मणी टाकते. तोंडावर हात धरल्यास ‘स’ आणि ‘श’ दबतात, म्हणून जाळीदार कापड ताणलेली भरतकामाची रिंग वापरतात. काल ऐकलेला ‘स’ आज चुकला तर आधी यंत्राकडे पाहावे, मुलाकडे नंतर.

एका वर्गात आठ-दहा मुले, बाके अर्धवर्तुळात. उजेड शिक्षकाच्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. खिडकीला पाठ करून उभे राहिले की ओठ अंधारात जातात. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे 6 डेसिबलने घटतो, त्यामुळे मोठ्याने ओरडण्यापेक्षा जवळ जाणे बरे. ओरडण्याने ओठांची ठेवणही बिघडते. ओठवाचनाला तशाही मर्यादा आहेत: बाबा, मामा, पापा तिन्ही ओठांवर सारखेच दिसतात; क आणि ग तर दिसतच नाहीत. उच्चार शिकवताना ‘प’ साठी तोंडासमोर कागदाची पट्टी, ‘ब’ साठी गळ्यावर आणि ‘म’ साठी नाकावर बोट ठेवून कंप जाणवून देतात. ‘समजले का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, मुले मान डोलावतातच. सांगितले ते करून दाखवायला लावावे.

सर्वांत जास्त मेहनत भाषेवर लागते. प्रत्यय हलक्या आवाजात उच्चारले जातात, म्हणून ते आधी निसटतात. ‘मीनाने रवीला ढकलले’ मधले ‘ने’ आणि ‘ला’ गेले की कुणी कुणाला ढकलले तेच कळत नाही. ‘मीना गेली’ पक्के झालेले मूल ‘मीनाने आंबा खाल्ली’ असे लिहिते. इथे क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते हे नियम पाठ करवून येत नाही. आंबा, पोळी, केळे प्रत्यक्ष खाऊन, लगेच त्याच वाक्यात बोलून व लिहून ते बसते. रोजची बातमी याच कामासाठी असते. मूल खुणेने, चित्राने, एखाद्या शब्दाने घरची गोष्ट सांगते. शिक्षक आशय पकडून पूर्ण वाक्य परत देतो, फळ्यावर लिहितो, कोण, कुठे, केव्हा असे विचारतो. शिक्षकानेच तयार बातमी लिहून उतरवून घेतली की वह्या सुंदर दिसतात आणि भाषा जिथल्या तिथे राहते. तपासणीला येणारे मात्र वह्याच पाहतात.

1880 मध्ये इटलीत मिलानला भरलेल्या, कर्णबधिरांच्या शिक्षणावरच्या परिषदेने बोलण्यावरच भर देण्याचा ठराव केला आणि जगभरच्या अनेक शाळांतून खुणांची भाषा हटवली गेली. 2010 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला भरलेल्या अशाच परिषदेने त्याबद्दल खेद व्यक्त केला. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीत 2015 मध्ये राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. या भाषेचे व्याकरण मराठीहून वेगळे आहे: ‘तू कुठे राहतोस?’ मधला ‘कुठे’ तिथे शेवटी येतो आणि प्रश्न भुवयांतूनही विचारला जातो. मराठी बोलता बोलता मधूनमधून खुणा करणाऱ्या शिक्षकाकडून मुलाला दोन्ही भाषा अर्ध्याच मिळतात. बोलणे येईल म्हणून वाट पाहण्यात पहिली पाच-सहा वर्षे कोणत्याच भाषेविना गेली, तर ती तूट पुढे भरून काढणे फार जड जाते. शाळेत एखादा कर्णबधिर शिक्षक असल्यास मुलांना खुणांची अस्सल भाषा रोज पाहायला मिळते.

वसतिगृहात दिवे मालवले की संभाषण थांबते, म्हणून अंधूक दिवा ठेवतात. धोक्याची सूचना दिव्यांच्या उघडझापीने देतात. वापरलेले सेल मोजून परत घ्यावेत. लहान मुलाने सेल गिळल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दहावीला भाषाविषयांत सवलत आणि जादा वेळ मिळतो. पण इतिहासाची प्रश्नपत्रिका मराठीतच असते, आणि उत्तर येणारी मुलेही ‘खालीलपैकी कोणते विधान चुकीचे नाही’ अशा वाक्यापाशी अडतात. त्यामुळे आठवीपासूनच उत्तरांइतकाच सराव प्रश्नांच्या भाषेचाही घ्यावा लागतो.