गार पाण्याचं पीठ, गरम पाण्याचं पीठ: पोर्क डंपलिंग बिघडतात कुठे

घरी केलेली डंपलिंगं, म्हणजे पारीत किमा भरून मिटलेले मोमोसारखे प्रकार, उकळत्या पाण्यात फुटली की सगळा दोष सारणावर जातो. किमा ओला होता, कोबी नीट पिळला नव्हता, कडा मिटल्या नव्हत्या. यातलं एखादं कारण खरंही असतं. पण बहुतेक वेळा घोळ त्याआधीच, परातीत झालेला असतो. उकळायच्या डंपलिंगला वाफवायच्या डंपलिंगचं पीठ वापरलेलं असतं. उकळायचं गार पाण्यात मळतात, वाफवायचं गरम पाण्यात. दोन्ही मैद्याचीच, दोन्ही पांढरी, मळून ठेवली की दिसतातही सारखीच. तोच गोंधळ पुन्हा पुन्हा बघून कंटाळा आलाय, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी मांडते.

गरम पाण्याचं पीठ सोलापूरकरांना नव्याने शिकवायला नको. ज्वारीच्या पिठात आधणाचं पाणी घालून मळलं नाही तर भाकरी थापताना चिरते, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं गव्हातलं चिवट प्रथिन, नसतं, तेव्हा पीठ धरून ठेवायचं काम गरम पाण्याने फुगलेला स्टार्च करतो. झालं, पुढे जाऊ.

अडचण अशी की भाकरीवर हात बसलेला माणूस मैदा समोर आला तरी आधी पाणी तापवायला ठेवतो. शिवाय ‘डंपलिंगसाठी मैदा गरम पाण्याने मळा’ असं कुठेतरी वाचलेलं असतंच. ते खोटं नाही. फक्त ‘वाफवणार असाल तर’ हे शब्द लिहिणाऱ्याने गाळलेले असतात, आणि त्या शब्दांवाचून त्या सल्ल्याला काही अर्थ नाही.

गव्हात ग्लूटेन असतं. गार पाण्यात मैदा मळला की त्याची जाळी तयार होते. पारी लाटताना ती आक्रसते, हात काढला की मागे येते, म्हणून पीठ झाकून पाऊण तास विसावू द्यावं लागतं. हीच जाळी खळाखळा उकळणाऱ्या पाण्यात पारीला सांभाळते. डंपलिंगं एकमेकांवर आदळतात, पातेल्याच्या तळाला लागतात, आतला रस फुगून बाहेर ढकलतो, तरी पारी टिकते आणि दाताखाली जराशी खेचली जाते. उत्तर चीनमध्ये नववर्षाच्या आदल्या रात्री घरोघरी ज्याओझ नावाची जी डंपलिंगं करतात, त्यांतली उकळलेली याच पिठाची.

तोच मैदा उकळत्या पाण्याने भिजवला की चित्र उलटं होतं. साधारण ६० अंशांच्या पुढे गव्हातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि ग्लूटेनची प्रथिनं उष्णतेने बिघडतात, त्यांना जाळी धड विणता येत नाही. पीठ जास्त पाणी पितं, मऊ राहतं, लाटताना मागे येत नाही. वाफेत त्याची पारी लुसलुशीत होते आणि गार झाल्यावरही बऱ्यापैकी मऊ राहते. पण उकळत्या पाण्यात टाका, बाहेरून बुळबुळीत होते, शेजारणीला चिकटते आणि झाऱ्याने सोडवायला गेलात की पोट फुटतं. मग पातेल्यात किम्याचं सूप आणि वर तरंगणाऱ्या चिंध्या.

हाताला फरक लगेच कळतो. विसावलेल्या पिठात बोट दाबा. गार पाण्याच्या पिठातला खड्डा हळूहळू भरून येतो, गरम पाण्याच्या पिठात तो तसाच राहतो. चिमूटभर पीठ ओढून बघा. पहिलं ताणत जातं, दुसरं पटकन तुटतं. जे तुटलं ते उकळायचं नाही.

आता कोणी विचारेल, नागपंचमीची दिंडं आपण साध्या मळलेल्या कणकेचीच करतो आणि वाफवतो, ती कशी चालतात? चालतात, कारण त्या कणकेत तेलाचं मोहन असतं, गव्हाचा कोंडा असतो, आणि दोन्हींमुळे जाळी तुटक राहते. शिवाय ती गरम असताना तूप ओतून खातात. संध्याकाळपर्यंत राहिलेल्या दिंडाची दुमडलेली कड खाऊन बघा, दातांना व्यायाम होतो. गाडीवरच्या मोमोचंही तेच. तो बहुतेक गार पाण्याच्या मैद्याचाच, तरी वाफेवरून थेट प्लेटमध्ये आला तर उत्तम. गप्पा मारत बसलात की चिवट. म्हणजे गार पाण्याचं पीठ वाफवलं तर थोडं नुकसान, ताबडतोब खाल्लं तर तेही नाही. गरम पाण्याचं पीठ उकळलं तर सगळंच मुसळ केरात. दोन्ही चुका सारख्या नाहीत, हे मला ठासून सांगायचंय. शंका असेल तर गार पाणी वापरा.

आणि गार म्हणजे खरोखर गार. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी नळाला हात भाजेल असं येतं. त्याने मळलेलं पीठ ना इकडचं ना तिकडचं. माठातलं घ्या.

प्रमाण असं. गार पाण्यासाठी ३०० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम पाणी, चिमूटभर मीठ. सुरुवातीला घट्ट, खडबडीत वाटेल, पाणी वाढवू नका. झाकून ठेवा, अर्ध्या तासाने पुन्हा मळा, आपोआप गुळगुळीत होतं. गरम पाण्यासाठी ३०० ग्रॅम मैद्याला साधारण १८० ग्रॅम, खळखळून उकळलेलं, बारीक धारेने, उलथन्याच्या दांड्याने ढवळत. हाताला सोसेल इतकं निवलं की मळायचं आणि पूर्ण गार झाल्यावरच सारण भरायचं. कोमट पारीवर कच्चं पोर्क ठेवलं की चरबी वितळते आणि कड तेलकट होऊन मिटत नाही. तव्यावर तळाला खरपूस करून झाकणाखाली शिजवायची असतील तर मधला मार्ग आहे. दोन भाग उकळतं पाणी, एक भाग गार.

मैद्यात कॉर्नफ्लोर घालणाऱ्यांना माझा नमस्कार. हाँगकाँगकडच्या हार गाव या कोळंबीच्या डंपलिंगची काचेसारखी पारी बघून हा उद्योग सुरू होतो, पण ती ग्लूटेन काढून टाकलेल्या गव्हाच्या स्टार्चची असते. तो वेगळा विषय आहे, त्याचा इथे संबंध नाही.

चुण्या किती, डाव्या की उजव्या, अर्धचंद्र की पोटली, यावर मी वेळ घालवणार नाही. करंजी मिटता येते ना? मग येतंय. पारी मात्र मधे जाड आणि कडेला पातळ लाटा, कारण कडेला दोन थर एकत्र येतात.

सारण दोन्हींना एकच. डुकराचं मटण आपल्याकडे दर चौकात मिळत नाही, आधी सांगून ठेवावं लागतं. सांगताना खांद्याचा भाग आणि चरबीसकट किमा असं स्पष्ट सांगा, तीस टक्क्यांच्या आसपास चरबी हवीच. ‘चरबी काढून द्या’ म्हणणारे घरी येऊन कोरडे गोळे खातात. २५० ग्रॅम किम्यात आधी मीठ आणि सोया सॉस घालून एकाच दिशेने घोटायचं, मग तीन-चार चमचे पाणी थोडं थोडं जिरवायचं. किमा परातीला चिकटू लागला की झालं. लक्ष्मी मंडईतला साधा कोबी चालतो, बारीक चिरून मीठ लावून घट्ट पिळा. कांद्याची पात, आलं. तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं हवं. आपलं घाण्याचं तेल कच्च्या तिळाचं असतं, ते घातलं तरी तो वास येत नाही. काळा मसाला घालू नका. मलाही तो आवडतो, पण इथे नको.

मिठाचा अंदाज घ्यायला कच्चं सारण चाखू नका, लहानशी टिक्की तव्यावर भाजून चाखा. डुकराच्या कच्च्या मांसातून टेपवर्म होऊ शकतो, म्हणून सारण मधोमध ७१ अंशांपर्यंत शिजायला हवं. वाफवताना, सारण कच्चं भरलं असेल तर, दहा-बारा मिनिटं पुरतात. उकळताना पाण्याला खळखळ उकळी आणा, डंपलिंगं सोडा, झाऱ्याच्या पाठीने तळापासून एकदा हलवा. उकळी आली की वाटीभर गार पाणी घाला, असं तीनदा. त्यामुळे पारी फार धुमसत नाही आणि आतल्या किम्याला शिजायला वेळ मिळतो.

सोबत लाल चटणी आणि मेयोनीज मला बघवत नाही. सोया सॉस, व्हिनेगर, आल्याच्या काड्या पुरे. फार वाटलं तर त्यात चमचाभर शेंगा चटणी कालवा. लसूण आणि शेंगदाण्याचं तेल पोर्कला छान जमतं.

उरली तर गार पाण्याच्या पिठाची कच्चीच, मैदा भुरभुरलेल्या ताटात सुटी सुटी ठेवून फ्रीझरमध्ये घाला, कडक झाल्यावर पिशवीत भरा. गरम पाण्याची मात्र वाफवूनच ठेवा. शिजवायच्या वेळी कच्ची डंपलिंगं फ्रीझरमधून थेट उकळत्या पाण्यात सोडा. आधी काढून ओट्यावर ठेवलीत तर पारीला पाणी सुटून ती ताटाला चिकटते, मग पीठ कुठलंही असो.