सदोष वस्तूच्या परतीचा टपालखर्च कोणाचा? : पार्श्वभूमी

ऑनलाइन घेतलेली वस्तू बिघडलेली निघाली तर ती परत करता येते, हे आता गावोगावी माहीत झाले आहे. तंटा होतो तो त्यानंतर. वस्तू विक्रेत्याकडे पोहोचवण्याचा खर्च कोणी करायचा? आणि ती घरी येताना भरलेले डिलिव्हरीचे पैसे परत मिळायचे की नाही? रक्कम बहुधा शंभर-दीडशेची असते, म्हणून माणूस चरफडतो आणि सोडून देतो. अशा सोडून दिलेल्या रकमांवरच आजची पद्धत उभी आहे. भारतीय कायद्याने या प्रश्नाचे बऱ्यापैकी सरळ उत्तर १९३० मध्येच दिले होते. ऑनलाइन खरेदीसाठी २०२० मध्ये आलेल्या नियमांनी मात्र ते ठामपणे पुन्हा सांगितले नाही. आजचा गोंधळ समजून घ्यायचा तर या दोन टोकांमध्ये काय घडले ते पाहावे लागते.

दूरच्या दुकानदाराकडून टपालाने माल मागवणे आपल्याला नवे नाही. टपाल खात्याने १८७७ मध्ये व्हीपीची (व्हॅल्यू पेएबल, म्हणजे पोस्टमनला पैसे देऊन पुडके सोडवून घेण्याची) सोय सुरू केली. मराठी घरांत पुस्तके, मासिके, औषधे, घड्याळे असे कितीतरी सामान व्हीपीने आले. पोस्टमन आधी पैसे घेई आणि मग पुडके हातात देई. पैसे देण्यापूर्वी ते उघडून पाहायची मुभा नसे. १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्यात फसवणुकीच्या प्रकरणी वसूल झालेले पैसे रोखून ग्राहकाला परत देण्यासाठी नियम करण्याची तरतूद होती. पण ती फसवणुकीपुरती. घड्याळ खरे आहे पण चालत नाही, अशा साध्या बिघाडाशी पोस्टाला काही देणेघेणे नव्हते. ग्राहकाने विक्रेत्याला पत्र लिहायचे, उत्तराची वाट पाहायची आणि पार्सल परत पाठवायचे तर तिकिटे स्वतः लावायची. हा रिवाज इतका अंगवळणी पडला की परतीचा खर्च घेणाऱ्याचाच असतो, असे सगळे धरून चालू लागले.

कायदा तसे म्हणत नव्हता. माल विक्री कायदा १ जुलै १९३० पासून लागू झाला आणि तो आजही जिवंत आहे. त्याच्या कलम ४१ नुसार, न पाहता घेतलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे मानले जात नाही. कलम १५ आणि १६ मध्ये माल वर्णनाप्रमाणे आणि विक्रीयोग्य दर्जाचा असावा ही गृहीत अट आहे. आणि कलम ४३ म्हणते की, माल नाकारण्याचा हक्क असलेल्या ग्राहकाने तो नाकारला, तर तो विक्रेत्याला परत पाठवण्यास ग्राहक बांधील नाही; मी हा माल नाकारतो, एवढे विक्रेत्याला कळवले की पुरे.

ग्राहक परत पाठवायलाच बांधील नसेल, तर पाठवण्याचा खर्च त्याच्यावर येण्याचा प्रश्नच उरत नाही. विक्रेत्याला माल हवा असेल तर त्याने येऊन न्यावा. हा नियम व्यापाऱ्यांच्या व्यवहारांतून आलेला आहे. गाडीभर खराब माल दारात टाकून पुन्हा त्याचेच गाडीभाडे समोरच्याकडून मागणे बाजारातही अन्यायाचे मानले जाई. ग्राहकहक्कांची भाषा नंतरची.

पण कलम ४३ ची सुरुवात एका सवलतीने होते: पक्षांमध्ये वेगळे काही ठरलेले नसेल तर. १९३० मध्ये वेगळे ठरवायचे म्हणजे दोन व्यापारी समोरासमोर बसत. आता वेबसाइटवर खाते उघडताना आपण ज्या लांबलचक अटींना होकार देतो, त्यातच हे वेगळे ठरवलेले असते. अटी बदलून मागण्याची सोय नाही आणि त्या न मानता खरेदीही नाही. माझ्या मते या विषयातली खरी गाठ इथे बसली, आणि ती कुणी मुद्दाम सोडवायला घेतलेली नाही.

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याबद्दल बरेच लिहिले गेले आहे, म्हणून इथे दोनच गोष्टी. एक, त्याने दोष काढून देणे, वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि भरपाई देणे असे आदेश देण्याचा अधिकार ग्राहक मंचांना दिला. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही बिलावरची ओळ याच मंचांनी पुन्हा पुन्हा अनुचित ठरवली. दोन, तक्रार कुठे करायची याची सोय मात्र दुकान आणि ग्राहक एकाच शहरात आहेत असे धरून केलेली होती. विक्रेता जिथे राहतो किंवा धंदा करतो, अथवा व्यवहाराचे कारण जिथे घडले, तिथे तक्रार. ऑनलाइन खरेदीत हे कारण नेमके कुठे घडले, यावरच तारखा पडत राहिल्या. वेबसाइटच्या अटींत सगळे वाद अमुक एका महानगराच्या न्यायकक्षेत चालतील असे छापलेले असे. दीडशे रुपयांच्या कुरिअरसाठी सोलापूरहून बंगळुरूला कोण जाणार?

२०१० च्या सुमारास वस्तू हातात आल्यावर पैसे देण्याची सोय मोठ्या वेबसाइटांनी आणली आणि भारतात ऑनलाइन खरेदी खऱ्या अर्थाने पसरली. त्याच ओघात तीस दिवसांत बदलून देण्याची हमी आली, घरून मोफत पिकअप आला. ज्यांनी व्हीपीचा काळ पाहिला होता त्यांना हे अप्रूपच होते. माणूस घरी येऊन वस्तू नेतो, वर एक पैसा मागत नाही! ही सोय चांगली होती, तिचे श्रेय ज्याचे त्याला द्यायलाच हवे. पण ती आली कंपनीचे धोरण म्हणून. मोबाइल सुरूच होत नाही, म्हणून तो परत करायचा, आणि कुर्त्याचा रंग आवडला नाही, म्हणून तो परत करायचा, या दोन्हींसाठी एकच रिटर्नचे बटण, एकच मुदत, एकच पान. पहिल्यात ग्राहकाचा कायदेशीर हक्क आहे. दुसऱ्यात नाही, केवळ मन बदलले म्हणून माल परत करण्याचा सर्वसाधारण हक्क भारतीय कायदा ऑनलाइन ग्राहकाला देत नाही, ती विक्रेत्याची मर्जी. दोन्ही एकाच पानावर आल्यामुळे हक्कसुद्धा मर्जीसारखा दिसू लागला. पुढे २०१६ च्या सुमारास मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी मुदती आखडल्या, काही वस्तूंचे पैसे परत मिळणे थांबून फक्त बदली उरली, तेव्हा फारशी ओरड झाली नाही ती यामुळेच. सवलत कमी झाली, असेच लोकांनी मानले.

२०१६ मध्येच आणखी एक गोष्ट झाली. परकीय गुंतवणुकीच्या नियमांसाठी सरकारने २९ मार्चला एक प्रसिद्धिपत्रक काढले आणि ऑनलाइन बाजारपेठ (म्हणजे जिच्यावर दुसरे विक्रेते आपला माल विकतात ती वेबसाइट) व स्वतःचा साठा विकणारी कंपनी यांत रेघ ओढली. बाजारपेठेच्या बाबतीत विक्रीनंतर माल पोहोचवणे, ग्राहकाचे समाधान, वॉरंटी आणि गॅरंटी ही सगळी जबाबदारी विक्रेत्याची, असे त्यात म्हटले होते. हेतू गुंतवणुकीपुरता होता. ग्राहकाला मात्र त्याचा अर्थ दारात येऊन कळला. ज्या वेबसाइटला तो ओळखत होता ती म्हणू लागली की आम्ही फक्त मंच आहोत, आणि बिलावर ज्याचे नाव होते तो विक्रेता त्याने कधी ऐकलेलाही नव्हता.

मग नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये झाला आणि २० जुलै २०२० पासून त्याचा मोठा भाग लागू झाला. ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या ग्राहक आयोगाकडे (मंचांचे हे नवे नाव) तक्रार करता येऊ लागली, ही त्यातली सगळ्यात मोलाची सुधारणा. कलम २(४७) मध्ये सदोष माल परत घेण्यास आणि पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरली. बिलावर मुदत दिली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. ‘बिलावर दिलेली मुदत’ या शब्दांत विक्रेत्याला पळवाट आहे, कारण मुदत तोच छापतो. तरीही नकाराला कायद्याने नाव दिले, हे थोडे नाही.

२३ जुलै २०२० रोजी ई-कॉमर्स नियम अधिसूचित झाले. इथे थोडे थांबायला हवे, कारण परतीच्या खर्चाचा थेट उल्लेख इथेच आहे. बाजारपेठेवरच्या विक्रेत्याने सदोष, बनावट किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास नकार देऊ नये, असे नियम ६ सांगतो. उशिरा आलेल्या मालालाही हेच लागू, फक्त नैसर्गिक आपत्तीसारखे आवाक्याबाहेरचे कारण असेल तर सूट. त्याच नियमात विक्रेत्याने एकूण किंमत एका आकड्यात आणि तिची फोड दाखवावी, त्यात डिलिव्हरी, टपाल आणि हाताळणीचे शुल्क यावे, असेही आहे. आणि परताव्याच्या अटी सांगताना परत पाठवण्याच्या खर्चाची माहिती स्पष्ट द्यावी. स्वतःचा साठा विकणाऱ्या कंपन्यांवरही नियम ७ ने हेच बंधन घातले.

माहिती द्यावी. बस. तो खर्च कोणी सोसायचा हे नियमांनी सांगितले नाही. मालात दोष असताना ग्राहकाकडून परतीचे पैसे घेऊ नयेत, एवढे एक वाक्य घातले असते तर १९३० चे तत्त्व ऑनलाइन बाजारात ठाम झाले असते. तसे न झाल्याने खर्चाचा आकडा पानावर लिहिला की नियम पाळला, असा अर्थ काढायला जागा राहिली. नियम करणाऱ्यांच्या बाजूने म्हणायचे तर, लहान विक्रेत्यावर दोन्ही बाजूंचे भाडे टाकले तर तो बाजारातून उठेल, आणि खोट्या तक्रारी करून वापरलेले कपडे परत करणारेही आहेत, असा युक्तिवाद आहे. त्यात तथ्य आहे. पण खोटी तक्रार तपासून फेटाळता येते. तिच्यासाठी खऱ्या तक्रारदाराला भुर्दंड बसावा हे पटत नाही.

युरोपात हीच गाठ आधी सुटली होती. १९९९ च्या युरोपीय निर्देशाने सदोष वस्तू ग्राहकाला विनामूल्य दुरुस्त करून किंवा बदलून द्यावी असे सांगताना टपालखर्च, मजुरी आणि साहित्य त्यात स्पष्ट धरले. २०१० मध्ये तिथल्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयासमोर जर्मनीतील एका टपालविक्री कंपनीचे प्रकरण आले. ती पाठवणावळ म्हणून ४.९५ युरो घेई आणि ग्राहकाने करार मागे घेतला तरी परत करत नसे. मुदतीत करार मागे घेतला तर येतानाचा खर्चही परत द्यावा लागेल, असे न्यायालयाने ठरवले, आणि हे केवळ मन बदललेल्या ग्राहकाबद्दल होते. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्याने नाकारलेला माल परत पाठवण्याचा वाजवी खर्च विक्रेत्यावर टाकला. ग्राहकाने जिथून माल ताब्यात घेतला तिथे तो स्वतः नेऊन दिला, तर तेवढा प्रवासखर्च वगळून. लंडनमधल्या मराठी कुटुंबाला जे सहज मिळते ते लातूरमधल्या कुटुंबाने भांडून मिळवायचे, अशी आजची स्थिती आहे.

मोठ्या शहरांत हा फरक फारसा जाणवत नाही, कारण पिकअपवाला येतो. जाणवतो तो जिथे पिनकोड टाकल्यावर पिकअप उपलब्ध नाही असे उत्तर येते तिथे. मग वस्तू स्वतः कुरिअरने पाठवा, पावती अपलोड करा, ठरावीक मर्यादेपर्यंत खर्च देऊ, असे सांगितले जाते. कुरिअरवाले अनेकदा वजनापेक्षा आकारमानावर पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमध्ये गुणाकार करून ५००० ने भागायचे, ही त्यांची नेहमीची रीत. ४० बाय ३० बाय ३० चे मिक्सरचे खोके असेल तर आत तीन किलो असले तरी हिशोब ७.२ किलोचा होतो. वरचा फरक ग्राहकाच्या खिशातून जातो. पॉवर बँक फुगलेली निघाली तर अडचण आणखी मोठी, कारण खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला मनाई आहे. विक्रेता म्हणतो आधी वस्तू पाठवा, कुरिअरवाला म्हणतो घेत नाही, आणि मुदत मात्र संपत जाते. कलम ४३ असे प्रसंग डोळ्यांसमोर न ठेवताच लिहिले गेले, पण त्यातला ‘कळवले की पुरे’ हा नियम इथे नेमका उपयोगी पडतो. म्हणून दोष दिसताच फोनवर न थांबता लेखी कळवणे, फोटो जोडणे आणि माल नेण्यास तयार ठेवला आहे असे लिहिणे महत्त्वाचे.

नंतरच्या हालचाली झरझर सांगता येतील. जून २०२१ मध्ये नियमांत दुरुस्तीचा मसुदा आला. विक्रेत्याने हात वर केले तर बाजारपेठेने जबाबदारी घ्यावी, अशी कल्पना त्यात होती. त्यावर व्यापारी वर्तुळात बरेच वादळ उठले आणि मसुदा पुढे रेंगाळला. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या तेरा ऑनलाइन क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वे आली. शेवटच्या पायरीवर शुल्क वाढवत नेणे त्यांत आहे. ‘सुविधा शुल्क परत मिळणार नाही’ अशी ओळ मात्र सदोष मालाच्या बाबतीतही अजून दिसते.

दाद मागण्याचे दोन रस्ते आहेत. वस्तू सदोष म्हणून जिल्हा आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही, आणि किमतीबरोबर येतानाची डिलिव्हरी व जातानाचे कुरिअर असे दोन्ही पावतीनिशी मागता येते. पण परतीचा खर्च ग्राहकावर टाकणारी अटच अन्यायकारक करार म्हणून रद्द करून घ्यायची असेल, तर २०१९ च्या कायद्याने तो अधिकार जिल्हा आयोगाला दिलेला नाही. त्यासाठी राज्य आयोगाकडे जावे लागते, मग भांडण दीडशे रुपयांचे का असेना.