शेंडा कापल्यावर झाडात काय घडते?

राणीच्या बागेत भरणाऱ्या झाडाफुलांच्या प्रदर्शनात बोन्सायच्या कुंड्यांपुढे उभे राहिले की एक वाक्य हमखास कानावर पडते, ते म्हणजे ‘झाडाला उपाशी ठेवून आणि तारांनी जखडून खुजे केले आहे’. हा समज मुळातच चुकीचा आहे. उपाशी झाड जोमाने फुटत नाही, आणि नवी फूट नसेल तर बोन्सायला आकार देताच येत नाही. झाडाची जनुकेही तीच राहतात. उथळ कुंडीतला वड जमिनीत लावला आणि तगला, तर तो वडासारखाच वाढू लागतो. त्यामुळे ‘बोन्सायचे बी’ या नावाने ऑनलाइन विकली जाणारी पाकिटे ही ग्राहकाची सरळ फसवणूक आहे, आणि बोन्सायमुळे घराची भरभराट खुंटते हे वास्तुशास्त्राच्या नावाने सांगितले जाणारे भाकीत तितकेच निराधार आहे. झाड लहान राहते ते वारंवार केलेल्या छाटणीमुळे आणि मुळांना मिळणाऱ्या मर्यादित जागेमुळे.

मुंबईत पहिल्यांदा बोन्साय करू पाहणाऱ्याने रोपवाटिकेतून वडाच्या कुळातले फायकसचे रोप आणावे, असे माझे मत आहे. दमट उकाडा त्याला मानवतो, कापलेल्या जागी चीक येऊन तो लवकरच थांबतो, आणि पाने नसलेल्या जुन्या खोडावरही त्याला नवी फूट येते. कात्री हातात घेतल्यावर नवशिक्याची नजर झाडाच्या आकृतीवर खिळते, परंतु ती आधी डोळ्यांवर, म्हणजे ज्यांतून नवी फांदी फुटते त्या कळ्यांवर, जायला हवी. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. फायकसच्या शेंड्यावरील टोकदार आवरण गळून पडताना फांदीभोवती बारीक कडे उमटवून जाते, आणि पान गळाले तरी ते कडे बराच काळ दिसते. त्यामुळे निजलेला डोळा कोठे आहे हे त्या कड्यावरून ओळखता येते.

हे डोळे निजलेले का राहतात? याचे उत्तर शेंड्यात आहे. हरभऱ्याचे शेंडे खुडले की फांद्या वाढतात, हे शेतकऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९३०च्या दशकात थीमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी रोपांचे शेंडे कापून त्या जागी ऑक्झिन हे संप्रेरक ठेवले, तेव्हा शेंडा नसतानाही खालचे डोळे दबलेलेच राहिले. शेंड्याच्या या प्रभावाला अग्रप्रभुत्व म्हणतात.

मला सर्वांत विलक्षण वाटते ती ऑक्झिनची खाली उतरण्याची रीत. वनस्पतीच्या पेशीभित्तिकेतील द्रव किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) सुमारे ५.५ असतो, तर पेशीच्या आतला सामू ७ च्या आसपास असतो. ऑक्झिन स्वतः एक सौम्य आम्ल आहे. भित्तिकेत त्याच्या साधारण १५ टक्के रेणूंजवळ त्यांचा प्रोटॉन शाबूत असतो, आणि असे विद्युतभाररहित रेणू पेशीपटलातून सहज आत शिरतात. आत आल्यावर प्रोटॉन सुटतो, रेणूवर ऋणभार येतो आणि त्याला पटल ओलांडून परत जाता येत नाही. बाहेर पडण्यासाठी पिन नावाची प्रथिने लागतात, आणि खोडातील ऑक्झिनवाहक पेशींत ती प्रामुख्याने तळाच्या बाजूला असतात. म्हणजे शिरायला दार चहूबाजूंनी आणि निघायला मात्र केवळ तळाशी, अशी ही रचना आहे. पेशीमागून पेशी हेच घडत गेल्याने ऑक्झिन तासाला साधारण एक सेंटिमीटर या गतीने मुळांकडे जाते. फांदीचा तुकडा उलटा टांगला तरी ते मूळच्या तळाकडेच जाते. म्हणजे ही दिशा गुरुत्वाकर्षणाने नव्हे, तर पेशींच्या घडणीने ठरलेली असते.

येथे एक कोडे उरते. खोडातून उतरणारे हे ऑक्झिन डोळ्यात शिरतच नाही, मग ते त्याला दाबते कसे? ते डोळ्याला जागे करणाऱ्या सायटोकायनिन या संप्रेरकाची निर्मिती रोखते आणि स्ट्रिगोलॅक्टोन या संप्रेरकाची वाढवते. स्ट्रिगोलॅक्टोन फांद्या फुटण्यास अटकाव करते, हे २००८ साली सिद्ध झाले; त्यापूर्वी ते ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या टारफुल्याचे बी रुजवणारे द्रव्य म्हणून परिचित होते. २०१४ साली वाटाण्यावरील संशोधनातून आणखी एक दुवा हाती आला. शेंडा कापल्यावर काही तासांतच खालचे डोळे वाढू लागतात, आणि तेव्हा त्यांच्या शेजारचे ऑक्झिन अजून घटलेलेही नसते. त्यांना आधी पोहोचते ती साखर. वाढता शेंडा साखरेचा मोठा वाटा ओढून घेत असतो. तो गेला की ती साखर ऑक्झिनच्या शंभरपटीहून अधिक वेगाने डोळ्यांकडे वळते.

पहिल्या छाटणीचे नियम यातूनच निघतात. जी फांदी दाट व्हावी असे वाटते तिचा शेंडा कापावा, आणि जी जाड व्हायला हवी तिचा शेंडा काही महिने मोकळा वाढू द्यावा. काप कड्याच्या थोडा वर घ्यावा आणि त्या कड्याचा डोळा बाहेरच्या बाजूस तोंड करून असावा, म्हणजे नवी फांदी खोडाकडे वळत नाही. साखर पानांतच तयार होत असल्याने सगळी पाने एकाच वेळी काढू नयेत, त्याच दिवशी मुळेही छाटू नयेत, आणि छाटलेले झाड दिवाणखान्याच्या कोपऱ्यात न ठेवता भरपूर उजेड येणाऱ्या ग्रिलमध्ये ठेवावे. तार गुंडाळून फांदी आडवी केली की तिच्या शेंड्याचा प्रभाव सौम्य होतो आणि वरच्या बाजूचे डोळे फुटू लागतात. मात्र पावसाळ्यात फायकसच्या फांद्या इतक्या झपाट्याने जाड होतात की तार सालीत रुतू लागते. म्हणून ती दर आठवड्याला तपासावी आणि रुतण्याआधी कापून काढावी, उलगडत बसू नये.

छाटणीनंतर एकाच वेळी अनेक डोळे फुटतात, परंतु ही समानता टिकत नाही. सर्वांत वरची फूट लवकरच स्वतःचे ऑक्झिन खाली पाठवू लागते आणि तिच्याखालच्या फुटी मंदावतात. म्हणून नव्या फुटीला पाच-सहा पाने आली की ती दोन पानांवर आणावी. वरच्या फुटी आधी आणि अधिक छाटाव्यात, खालच्या उशिरा आणि कमी.